हेलन केलर : पदवी आणि पोटपाणी

गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपल्या मंडळात जो प्रसंग घडला, तो आपणांपैकी पुष्कळ जणींच्या स्मरणात असेल. पलीकडच्या चाळीतील एक माउली आपल्या मुलीला घेऊन आली होती. मुलीला जन्मापासून ऐकू येत नाही. आदल्या उन्हाळ्यात ती दहावीची परीक्षा चांगल्या गुणांनी पास झाली, आणि तेव्हापासून घरीच बसून होती. आपण सर्वांनी तिचे तोंड भरून कौतुक केले, आणि अशा वेळी नेहमी घेतले जाते ते हेलन केलरचे नाव कोणीतरी घेतलेच. त्यावर त्या माउलीने अगदी शांतपणे विचारले, की ती बाई शिकली हे आम्हांलाही ठाऊक आहे, पण शिकल्यावर तिला नोकरी कोणी दिली? तिळगूळ हातात घेऊन आम्ही एकमेकींकडे पाहत राहिलो. उत्तर एकीलाही आले नाही.

मला त्या रात्री झोप आली नाही म्हटले तरी चालेल. हेलन केलरचे चरित्र मी लहानपणी वाचले होते, पण ते सारे पाण्याच्या पंपापाशी येऊन थांबले होते. पुढचे ऐंशी वर्षांचे आयुष्य जणू रिकामेच! संपादिकाबाईंनी स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा ठरविले, की या वेळी पंपाच्या पुढचे लिहायचे.

म्हणून सुरुवातीचा भाग थोडक्यात सांगते. हेलनचा जन्म २७ जून १८८० रोजी अमेरिकेच्या दक्षिण भागात, अलाबामा राज्यातील टस्कंबिया या लहानशा गावी झाला. वडील कॅप्टन केलर हे एका वृत्तपत्राचे संपादक होते. मूल एकोणीस महिन्यांचे असताना कसलासा जबर ताप आला आणि तो उतरला तेव्हा दृष्टी व श्रवण दोन्ही गेली होती. ऐकू न आल्यामुळे शिकू लागलेले चार शब्दही गेले. मूल हट्टी, संतापी होऊ लागले. आईने डिकन्सच्या अमेरिकेवरील प्रवासवर्णनात लॉरा ब्रिजमन नावाच्या अंध-बधिर मुलीला शिकविल्याची हकिकत वाचली होती, तेवढ्या एका धाग्यावर तिने आशा धरली. चौकशी करीत करीत वडील टेलिफोनच्या शोधामुळे प्रसिद्ध झालेल्या ग्रॅहॅम बेल यांच्याकडे गेले. त्यांनी बोस्टनच्या पर्किन्स अंधशाळेचा पत्ता दिला, आणि तेथून ३ मार्च १८८७ रोजी ॲन सलिव्हन नावाची वीस वर्षांची तरुणी केलरांच्या दारी उतरली. महिनाभराने, ५ एप्रिलला, पंपाचे पाणी एका हातावर आणि बोटांनी लिहिलेली अक्षरे दुसऱ्या हातावर, असा तो प्रसंग घडला. तो आपणां सर्वांस तोंडपाठ आहे.

आता या सलिव्हनबाईंकडे जरा नीट पाहा, कारण पोटापाण्याचा प्रश्न येथूनच सुरू होतो. त्या आयरिश निर्वासितांची मुलगी. लहानपणी खुपऱ्यांनी डोळे अधू झालेले. आई वारली, बाप सोडून गेला. टूक्सबरी येथील सरकारी गरीबगृहात धाकट्या भावासह राहावे लागले आणि तो भाऊ तेथेच मेला. चौदाव्या वर्षी त्या पर्किन्सच्या शाळेत आल्या त्या अक्षरशत्रू म्हणून, आणि १८८६ साली वर्गात पहिल्या येऊन बाहेर पडल्या. डोळ्यांवर शस्त्रक्रिया होऊन थोडेफार दिसू लागले होते. पण पहिला नंबर मिळविलेल्या या मुलीला नोकरी नव्हती! अधू डोळ्यांच्या, निराधार मुलीला कोण कामावर ठेवणार? अशा वेळी केलरांचे पत्र शाळेत आले. महिना २५ डॉलर आणि राहणे-जेवणे, एवढ्यावर त्या अनोळखी मुलखात गेल्या. पुढे केलरांची ओढाताण झाली आणि तो पगारही थकला. बाई मात्र राहिल्या. म्हणजे ज्या घटनेला आपण चमत्कार म्हणतो, तिच्या मुळाशी एका अपंग मुलीने पोटासाठी धरलेली नोकरी आहे.

हेलन बोस्टनला शिकली, न्यूयॉर्कच्या बधिरांच्या शाळेत दोन वर्षे राहिली, बोलायलाही शिकली. ते बोलणे परक्याला कळणे कठीणच राहिले आणि याची खंत तिला जन्मभर होती. पण लहानपणीच तिने मनाशी घेतले होते, की आपण महाविद्यालयात जायचे, तेही केवळ अंधांच्या किंवा बधिरांच्या नव्हे, तर डोळस मुली जेथे शिकतात त्या ठिकाणी. हार्वर्डमध्ये त्या काळी स्त्रियांना प्रवेश नव्हता. हार्वर्डचेच प्राध्यापक शिकवीत असे स्त्रियांचे रॅडक्लिफ महाविद्यालय शेजारी होते. तेथली प्रवेशपरीक्षा कठीण म्हणून प्रसिद्ध. हिने नेमके तेच निवडले.

तयारीसाठी १८९६ साली ती केंब्रिजच्या मुलींच्या शाळेत दाखल झाली. त्याच वर्षी वडील वारले. मुख्याध्यापक गिलमन आणि जर्मन शिकविणाऱ्या बाई यांनी बोटांची लिपी शिकून घेतली, बाकी शिक्षकांना ती येत नव्हती. त्यामुळे सलिव्हनबाई वर्गात शेजारी बसत आणि शिक्षक बोलेल तो शब्दन्‌शब्द हेलनच्या तळहातावर बोटांनी लिहीत. आता एक गोष्ट लक्षात घ्या. हातानेच ऐकायचे असल्यामुळे हेलनला वर्गात टिपणे घेता येत नसत. घरी येऊन आठवेल तेवढे लिहून काढायचे. पाठ्यपुस्तके उठावाच्या अक्षरांत फारशी नव्हतीच, काही लंडन आणि फिलाडेल्फियाहून करवून आणावी लागत आणि ती वेळेवर येत नसत. भूमितीच्या आकृत्या फळ्यावर काढलेल्या दिसणार कशा? मग गादीच्या उशीवर टोके वाकविलेल्या सरळ व वाकड्या तारा खोचून ती आपल्यापुरत्या आकृत्या करी, आणि कुठल्या बिंदूला कोणते अक्षर हे डोक्यात धरून सिद्धान्त सोडवी. मला स्वतःला दिसत असूनही भूमितीने रडविले होते, त्यामुळे हा मजकूर मी दोनदा वाचला.

दुसऱ्या वर्षी खटका उडाला. हेलनवर अभ्यासाचा ताण फार पडतो असे गिलमन यांचे मत झाले आणि सलिव्हनबाईंपासून तिला वेगळे करण्याचा त्यांनी प्रयत्न केला. आईला पाचारण करण्यात आले. आईने येऊन मुलीची इच्छा पाहिली आणि तिला शाळेतूनच काढले. उरलेली तयारी कीथ नावाच्या खासगी शिक्षकाने करून घेतली.

जून १८९९ मधील शेवटच्या परीक्षेची हकिकत आपल्याकडील पालकांनी अवश्य वाचावी. महाविद्यालयाने सलिव्हनबाईंना प्रश्न वाचून दाखविण्याची परवानगी दिली नाही. परीक्षेतील प्रामाणिकपणाचा विचार करता ते गैर म्हणता येणार नाही. प्रश्नपत्रिका ब्रेलमध्ये उतरवून देण्यासाठी पर्किन्सचे एक शिक्षक नेमले, ते हेलनला पूर्ण अपरिचित आणि त्यांना बोटांची लिपी येत नव्हती. पर्यवेक्षकही परका. भाषांचे पेपर ठीक गेले. परंतु बीजगणितात मोठीच अडचण उभी राहिली. त्या काळी अंधांसाठी एक नव्हे, चार-पाच लिप्या प्रचारात होत्या, आणि इंग्रजी ब्रेलमधील गणिताची चिन्हे व अमेरिकन ब्रेलमधील चिन्हे निरनिराळी होती. हेलन शिकली होती इंग्रजी चिन्हांवर, आणि प्रश्नपत्रिका येणार होती अमेरिकन चिन्हांत! हे कळले ते परीक्षेच्या दोन दिवस आधी. चिन्हांचा तक्ता मागवून तिने तो घाईघाईने पाठ केला, तरी प्रत्यक्ष परीक्षेत कंस आणि मुळाची चिन्हे यांचा गोंधळ व्हायचा तो झालाच. उत्तरे टाइपरायटरवर लिहायची, आणि आपण काय टाइप केले ते परत वाचून पाहण्याचीही सोय नाही. एवढे होऊनही ती पास झाली.

तेथील डीनबाईंना ही मुलगी येथे निभावेल की नाही याबद्दल शंका होती, ती त्यांनी लपविली नाही. हेलनने एक वर्ष थांबून १९०० सालच्या शरद ऋतूत प्रवेश घेतला. तिच्या शिक्षणाचा खर्च स्टँडर्ड ऑइल कंपनीचे धनाढ्य हेन्री रॉजर्स आणि इतर काही मंडळींनी उचलला होता. रॉजर्स यांच्या कानावर हा विषय घातला होता विनोदी लेखक मार्क ट्वेन यांनी. चार वर्षे सलिव्हनबाईंनी व्याख्याने आणि ब्रेलमध्ये नसलेली पुस्तके तासन्‌तास तिच्या हातावर लिहिली. आपले आधीच अधू डोळे त्यांनी अक्षरशः झिजविले, डॉक्टरांची ताकीद मानली नाही. १९०४ साली हेलन विशेष प्रावीण्यासह बी.ए. झाली. अंध आणि बधिर अशा व्यक्तीने पदवी मिळविल्याचे हे जगातील पहिलेच उदाहरण. त्या समारंभात शेजारी बसलेल्या सलिव्हनबाईंना काहीही मिळाले नाही. सगळा अभ्यासक्रम त्यांच्याही बोटांतून गेला होता.

येथवरचा भाग शाळेच्या संमेलनात सांगतात. पण त्या माउलीचा प्रश्न पुढच्या भागाचा आहे.

पदवीधर झालेल्या चोवीस वर्षांच्या हेलनबाईंना कोणत्याही शाळेने, कचेरीने अथवा छापखान्याने जागा देऊ केली नाही. लेखन हा एकच व्यवसाय उघडा दिसत होता. महाविद्यालयात असतानाच त्यांचे आत्मचरित्र एका स्त्रियांच्या मासिकातून १९०२ साली क्रमशः प्रसिद्ध झाले होते, त्याचे ३००० डॉलर मिळाले होते, आणि पुढच्या वर्षी पुस्तकही निघाले. परंतु संपादकांना त्यांच्याकडून एकच विषय हवा असे, तो म्हणजे आंधळेपणा आणि बहिरेपणा. आयात-निर्यातीचे कर, शिक्षणपद्धती, मजुरांचे प्रश्न यांवर त्यांची मते होती, त्यासाठी त्या वाचीत होत्या. पण ती कोणी छापायला उत्सुक नव्हते. आत्मचरित्रानंतरच्या पुस्तकांवर घर चालण्यासारखे उत्पन्न झाले नाही. त्या समाजवादी पक्षात गेल्या तेव्हा तर, काल त्यांच्या बुद्धीची वाखाणणी करणारी काही वृत्तपत्रे एकाएकी म्हणू लागली, की बिचारीच्या व्यंगामुळे तिला जगाची समज नाही! कौतुक आणि मान या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे मला येथे कळले.

मंडळाच्या भगिनींना एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. हेलनबाई महाविद्यालयात असताना बोस्टनच्या एका स्त्रियांच्या संघाने प्रौढ अंधांच्या हितासाठी एक मंडळी स्थापन केली आणि त्यांना त्यात ओढले. मुलांसाठी शाळा होत्या. पण शाळा संपलेल्या किंवा मोठेपणी दृष्टी गेलेल्या माणसांनी काय करावे याचा विचार कोणी केला नव्हता. ते घरात कोपऱ्यात बसून असत. अंधांना काम मिळवून देण्यासाठी सरकारी आयोग नेमावा, म्हणून हेलनबाईंनी राज्याच्या विधिमंडळापुढे जाऊन गाऱ्हाणे मांडले. १९०६ साली मॅसॅच्युसेट्स राज्याने असा आयोग स्थापिला आणि त्यांना सदस्य नेमले. परंतु सभेत चार जण एकदम बोलू लागले म्हणजे ते सारे हातावर लिहिले जाईपर्यंत विषय पुढे गेलेला असे. थोड्याच काळात त्यांनी राजीनामा दिला. खुर्ची दिली, पण सभेची गती बदलली नाही.

त्याच सुमारास, १९०७ साली, त्यांनी आणखी एक धाडस केले. जन्मतः बाळाचे डोळे येऊन जे अंधत्व येते, त्याचे कारण बहुधा आईबापांचा गुप्तरोग असतो, आणि जन्मल्याबरोबर सिल्व्हर नायट्रेटचा थेंब घातला तर ते टळते. हे डॉक्टरांना ठाऊक होते, पण बायकांच्या मासिकात तो शब्द उच्चारायची चोरी होती. हेलनबाईंनी तो विषय स्त्रियांच्याच मासिकात उघड मांडला.

घरखर्च मात्र भागत नव्हता. सलिव्हनबाईंनी १९०५ साली जॉन मेसी यांच्याशी विवाह केला होता. काही वर्षांत तो संसार विसकटला. पोलादसम्राट कार्नेगी यांनी देऊ केलेले वार्षिक मानधन हेलनबाईंनी मानीपणाने नाकारले होते. १९१३ साली दोघी व्याख्यानांच्या दौऱ्यावर असताना एका परगावच्या हॉटेलात सलिव्हनबाई अचानक आजारी पडल्या. हेलनबाईंना फोन करता येईना, कोणाला हाक मारून समजावता येईना. त्या अनुभवानंतर त्यांनी ते मानधन पत्करले. पुढच्या वर्षी पॉली टॉमसन नावाची स्कॉटिश तरुणी मदतीला आली ती जन्माची सोबतीण झाली.

हॉलिवुडमध्ये त्यांच्या जीवनावर चित्रपट निघाला, त्यातून पैसा झाला नाही. मग १९२० साली त्यांनी जे केले त्याने पुष्कळांच्या भुवया चढल्या. त्या व्हॉडव्हिलच्या रंगमंचावर उभ्या राहिल्या. व्हॉडव्हिल म्हणजे नकला, कसरती, गाणी, शिकविलेली जनावरे असा मिश्र करमणुकीचा खेळ. त्यात वीस मिनिटे यांची. सलिव्हनबाईंनी हकिकत सांगायची, हेलनबाईंनी बोलून दाखवायचे, आणि मग प्रेक्षकांनी काहीबाही प्रश्न विचारायचे. आईला हे मुळीच रुचले नाही. रॅडक्लिफची पदवीधर माकडांच्या खेळामागून रंगमंचावर येते हे ऐकून मलाही प्रथम वाईट वाटले. परंतु हेलनबाईंना स्वतःला वाईट वाटले नव्हते. व्याख्यानांपेक्षा येथे मोबदला पुष्कळ अधिक होता, रोज नव्या गावी धावावे लागत नव्हते, आणि मिळकत आपल्या श्रमाची होती. आपल्यामागे सलिव्हनबाईंचे काय होईल ही चिंता त्यांना खात होती, म्हणून शिल्लक टाकायची होती. रंगमंचावरच्या झगझगीत दिव्यांनी सलिव्हनबाईंचे डोळे अधिकच बिघडले. सुमारे चार वर्षे हे चालले.

कायमचे म्हणता येईल असे काम त्यांना मिळाले ते १९२४ साली, वयाच्या ४४व्या वर्षी! पदवीनंतर वीस वर्षांनी. तीन वर्षांपूर्वी स्थापन झालेल्या अंधांच्या राष्ट्रीय संस्थेने, अमेरिकन फाउंडेशन फॉर द ब्लाइंडने, त्यांना निधी जमविण्यासाठी बोलावले. पहिल्या तीन वर्षांतच त्या शंभरांहून अधिक शहरांतून हिंडल्या. दारोदार हात पसरण्याचे हे काम त्यांना मनापासून आवडत नसे. तरी ते त्यांनी म्हातारपणापर्यंत केले.

आणि येथून त्यांच्या आयुष्याला जो अर्थ आला तो मला पंपाच्या प्रसंगाहून मोठा वाटतो. ज्या ज्या गोष्टीने आपल्याला अडविले, ती ती दुसऱ्याच्या वाटेतून काढण्याचा त्यांनी चंग बांधला. बीजगणिताच्या पेपरात ज्या लिप्यांच्या भाऊगर्दीने त्यांना छळले, ती मोडून एकच ब्रेल व्हावी म्हणून त्या वर्षानुवर्षे लिहीत-बोलत होत्या. अखेर १९३२ साली इंग्रजी भाषेपुरती एक ब्रेल अमेरिका व इंग्लंड यांनी मान्य केली. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यात गरजू अंधांना साहाय्य देण्याची तरतूद व्हावी म्हणून त्यांनी खटपट केली आणि ती झाली. पाठोपाठ १९३६ साली सरकारी इमारतींत विक्रीचे स्टॉल चालविण्याचा हक्क अंधांना देणारा कायदा झाला, आणि १९३८ साली अंधांच्या कार्यशाळांतील झाडू व फरशी पुसण्याची साधने सरकारने खरेदी करावीत असा कायदा झाला. ही सारी एकट्या त्यांची कामगिरी नव्हे, संस्थेतील व बाहेरील पुष्कळांचे श्रम त्यात आहेत. दुसऱ्या महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांच्या रुग्णालयांतूनही त्या खाटेखाटेपाशी गेल्या.

तरी एक आकडा मनाला टोचतो. अंध-बधिर अशा दुसऱ्या व्यक्तीला महाविद्यालयीन पदवी मिळाली ती १९५० साली, रॉबर्ट स्मिथडास यांना. मध्ये ४६ वर्षे गेली. बुद्धिमान मुले या काळात जन्मलीच नसतील काय? जन्मली असतील, पण प्रत्येकीला स्वतःचे डोळे जाळणारी सलिव्हनबाई कोठून मिळणार? १९६७ साली अमेरिकेच्या काँग्रेसने अंध-बधिर तरुणांना कामधंद्याचे शिक्षण देण्यासाठी राष्ट्रीय केंद्र मंजूर केले.

हेलनबाई आपल्या देशातही येऊन गेल्या. १९५५ साली, चौऱ्याहत्तर वर्षांच्या असताना, पॉलीबाईंसह त्यांनी आशियाचा दौरा केला. त्यात मुंबईही होती. पंडित नेहरूंची त्यांची भेट झाली, दिल्ली विद्यापीठाने सन्माननीय पदवी दिली. त्याच वर्षी हार्वर्डनेही पदवी देऊन गौरविले. ज्या हार्वर्डने मुलगी म्हणून दार उघडले नव्हते, तेथे असा मान मिळविणारी ही पहिली स्त्री.

त्या माउलीला मी दुसऱ्या आठवड्यात भेटले. तुमच्या प्रश्नाचे उत्तर वीस वर्षे असे आहे, हे सांगताना मला संकोच वाटला. पण त्याबरोबर दुसरेही सांगितले. अपंगांसाठी स्वतंत्र सेवायोजन कचेरी आपल्या देशात प्रथम मुंबईतच १९५९ साली निघाली. १९९५ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत ३ टक्के जागा राखल्या गेल्या. २०१६ च्या कायद्याने त्या ४ टक्के केल्या आणि उच्च शिक्षणात ५ टक्के, आणि त्यात कर्णबधिरांचा स्पष्ट उल्लेख आहे. त्यासाठी अपंगत्वाचा दाखला मात्र हातात असला पाहिजे. तो तिच्याकडे नव्हता. सरकारी रुग्णालयात दोन खेपा झाल्या आहेत, तिसऱ्या खेपेला आपल्या चिटणीसबाई बरोबर जाणार आहेत.

सलिव्हनबाई २० ऑक्टोबर १९३६ रोजी वारल्या, तेव्हा त्या जवळजवळ पूर्ण अंध झाल्या होत्या आणि त्यांचा हात हेलनबाईंच्या हातात होता. पॉलीबाई १९६० साली गेल्या. हेलनबाईंनी १ जून १९६८ रोजी कनेटिकट राज्यातील आपल्या घरी, अठ्ठ्याऐंशी वर्षे पूर्ण होण्यास सव्वीस दिवस कमी असताना, झोपेत प्राण सोडला. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कॅथीड्रलमध्ये तिघींच्याही अस्थी एकत्र ठेवल्या आहेत.